टायरातली ज्वारी

“हे पाहा म्याडम,” लटारीभाऊंनी माझं मेलेलं रोप दोन बोटांनी उपटून माझ्यासमोर धरलं. “मूळ तं पिशवीच्याच मापाचं हाये. बाहीर निंघालंच नाही.”

जूनचा पहिला आठवडा होता आणि आम्ही ओबीवर उभे होतो. कोळसा काढायचा म्हणजे त्याच्यावरची माती, मुरूम, दगड आधी उपसून कुठेतरी रचावे लागतात. त्या रचलेल्या डोंगराला खाणीत ओबी म्हणतात. आमची ओबी वीस मजली इमारतीएवढी उंच होती. वर गवताची काडी नाही, आणि चंद्रपूरकडचं ऊन असं, की सकाळी नऊला चपलेचा तळ मऊ पडायचा. त्या डोंगरावर जंगल उगवून दाखवायला मी फलटणहून आले होते. वय सव्वीस, मृदाशास्त्रातली पदवी ताजी, आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं.

मी रोप हातात घेतलं. पिशवी फाडून लावल्याला वर्ष होत आलं होतं, तरी मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचाच होता, तळाशी सपाट. बाहेरच्या मातीत एका मुळानंही पाय टाकला नव्हता. लटारी सिडाम आमचे टँकर-ड्रायव्हर. वर्षभर आठवड्यातून दोनदा ते या दोनशे रोपांना पाणी घालत होते. जे त्यांना दिसलं ते मला दिसलं नव्हतं, याचा मला राग आला. कोणाचा, ते तेव्हा नीट कळलं नाही.

तेवढ्यात कोतपल्लीवार साहेबांची जीप धुरळा उडवत वर आली. हे खाणीचे वृक्षारोपण अधिकारी. गोल चेहरा, डोक्यावर छत्री आणि तोंडात कायम एक वेलची.

“म्याडम, ही झाडं आहेत की अगरबत्त्या?” ओळीने उभ्या काटक्या पाहून ते म्हणाले. “दोनशे लावली होती ना? किती जगली?”

“आठ.”

“ती पण तुमच्या भिडेखातर जगली असतील.” ते हसले, मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, वरून पत्र आलं आहे. अजून एक उन्हाळा. पुढच्या जूनला मोजणी. शंभरातली पन्नास जिवंत दिसली तर झाडं लावत राहू. नाही दिसली तर वर गवत पेरायचं आणि फाइल बंद.”

“गवत पेरलं का मंग झाड नाही लावू देत?” लटारीभाऊंनी विचारलं. साहेबांना ते एरवी काही विचारत नसत.

“फाइल बंद म्हणजे बंद, लटारी. मग वर पाय ठेवायलाही परवानगी लागेल.”

जीप गेली. लटारीभाऊ त्या मेलेल्या रोपाची माती बोटाने झाडत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमचं खैरडोह याच्या खाली हाये, म्याडम. पूर्ण गाव. आम्ही नऊ वर्सांपासून कॉलनीत राह्यतो. घरं भेटली, मले नोकरी भेटली. पण माता माय, आमची गावदेवी, तिथं टिनाखाली बसून हाये. तिले मोहाची सावली लागते. गावात पहिलेच ठरलं, जुन्या जागीवर मोह जगला तं माय वापस जाईन. नाही तं नाही.” त्यांनी मान वर केली. “म्हून इचारतो. एक तरी मोह जगन का?”

“जगेल,” मी म्हणाले.

हे मी उगाच म्हणाले. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

*

माझी सगळी भिस्त एका ढिगावर होती. खाण सुरू करताना वरचा दोन हातांचा सुपीक थर वेगळा काढून ठेवायचा असा नियम असतो, आणि आमच्या खाणीनं तो पाळला होता. नऊ वर्षं ती काळी माती एका मोठ्या ढिगात रचून ठेवलेली, पुढे पाटी: ‘सुपीक माती – जतन’. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी ती पाटी दाखवत. माझ्या पिशव्या मी त्याच मातीनं भरल्या होत्या, वर सुपर फॉस्फेट खतही सढळ हातानं घातलं होतं. रोपवाटिकेत रोपं अशी तरारली, की मी घरी फोटो पाठवले होते.

त्या संध्याकाळी मी मेलेल्या रोपाची मुळं निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जिवंत जंगलातल्या झाडाच्या मुळात एक बुरशी राहते. ही रोगाची बुरशी नव्हे, ही घरातली. ती मुळाच्या आतून बाहेर केसाहून बारीक धागे सोडते, आणि मुळाला जिथे शिरता येत नाही अशा फटींतलं पाणी झाडाला आणून देते. झाड तिला आपल्या पानांत केलेली साखर देतं. मोहासारख्या झाडांचं निम्मं आयुष्य या देवाणघेवाणीवर चालतं, आणि दिवस वाईट असले तर निम्म्याहून जास्त. रंग लावला की हे धागे आतून निळे दिसतात.

माझ्या मुळांत काहीच निळं नव्हतं. स्वच्छ, रिकामी मुळं.

मग मी जतन केलेल्या मातीची मूठ नाकाशी नेली. तिला वास नव्हता. वर्षभर मी ती हाताळत होते आणि एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही बुरशी मुळाशिवाय जगत नाही, आणि नऊ वर्षं त्या ढिगाच्या पोटात एक मूळ नव्हतं. आम्ही माती सांभाळली होती आणि तिच्यातला जीव उपाशी मारला होता. वरून मी फॉस्फेट ओतलं. पोट भरलेलं रोप बुरशीला दारात उभं करत नाही, हे मी स्वतः परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी लटारीभाऊंना विचारलं, “जवळपास जुना मोह कुठे आहे? त्याच्या बुंध्याची माती हवी आहे.”

“जवळपास?” ते म्हणाले. “जवळपासचे सगळे खाली गेले.”

लांबच्या जंगलातून माती आणायला जंगलखात्याकडे अर्ज केला. उत्तराला तीन महिने लागतील असं कळलं. मोहाचं बी पावसाच्या तोंडाशी पडतं आणि पंधरा दिवसांत पेरलं नाही तर वाया जातं. माझ्याकडे तीन महिने नव्हते.

*

जुलैच्या सुरुवातीला लटारीभाऊंच्या घरी चहाला गेले. कॉलनीतली सगळी घरं एका साच्यातली, पण त्यांच्या अंगणात एक विचित्र वस्तू होती. डंपरचं आडवं टाकलेलं टायर, माझ्या कमरेएवढं उंच. आत काठोकाठ माती आणि मातीत दाट, हिरवीगार, टीचभर ज्वारी.

“कणसं येतात का हो?” मी हसत विचारलं.

लटारीभाऊंच्या बायको पार्बताकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक अंगाची बाई, पण नजर अशी की चाळणीतून काही सुटणार नाही. “कणसासाठी नाही थे,” त्या म्हणाल्या. “खाली मुरूम, वरतं मायची माती हाये. गाव उठलं तवा मोहाखालून आणली यानं. मायची माती उघडी नाही ठेवत आमच्यात. पावसात जवारी, थंडीत गहू, उनाऱ्यात काही न काही. एक निंघाली का दुसरी पेरतो. हात नोको लावजो.”

मी हात लावला नाही. चहा आणायला त्या आत गेल्या, लटारीभाऊ नळावर हात धुवायला गेले, आणि मी ज्वारीचं एक रोप मुळासकट उपटून पर्समध्ये टाकलं.

हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. तेव्हा मात्र काही वाटलं नाही. चहा पिताना मी दोघांशी हसून बोलत होते आणि मांडीवरच्या पर्समध्ये त्यांच्या देवीची ज्वारी होती.

खोलीवर येऊन मुळं रंगवली. काचेवर डोळा ठेवला आणि खुर्चीवरून उठून उभी राहिले. मुळं निळ्या धाग्यांनी गच्च भरली होती, मध्ये मध्ये मण्यांसारखे गोल फुगे. लॅबमध्ये ही बुरशी वाढवायची तर तिला ज्वारीच्याच मुळांवर कुंडीत वाढवतात. आम्ही ते पुस्तकातून शिकलो. इथे एका बाईनं नऊ वर्षं, एकही हंगाम न चुकवता, गाडलेल्या गावाच्या जंगलाची बुरशी जिवंत ठेवली होती, आणि ते तिला माहीतही नव्हतं.

सकाळी त्यांच्या दारात गेले. पार्बताकाकू टायरापाशीच उभ्या होत्या. ज्वारीत एका जागी खड्डा पडला होता, आणि त्याच्याकडेच त्या बघत होत्या.

“मी घेतलं,” मी म्हणाले. “काकू, चोरलं मी. तपासायला.”

मी मुळं, धागे, पाणी, साखर असं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी हेही, की मला ही माती हवी आहे. ओबीवरच्या मोहांसाठी.

“मागितलं असतं तं नाही म्हटलं असतं मी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण तुले चोर तं नसतं म्हटलं. जाय आता.”

लटारीभाऊ दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी परत आले, दार लावलं आणि रडले. मोहांसाठी थोडं, आणि बरंचसं लाजेनं.

*

चौथ्या दिवशी रोपवाटिकेच्या फाटकातून पार्बताकाकू आत आल्या. डोक्यावर घमेलं. मागे आणखी एक घमेलं घेऊन लटारीभाऊ.

“अर्धी आणली,” घमेलं उतरवत त्या म्हणाल्या. “अर्धी घरी राह्यन. तुह्या हातून मेलं सगळं, तं मायले परत कोठून आणू?”

“काकू, तुम्ही—”

“पह्यले आयक. मायले टिनाखाली नऊ वर्सं झाली. टिन तापते. पायलं तं घाम आला असते तिले. मी इचार केला, माती माह्यासाठी थोडीच ठेवली? तिच्यासाठीच ठेवली.” मग त्यांनी माझ्यावर बोट रोखलं. “पण पिशव्या तू भरशीन. एकटी. अन् एक जवारी चोरली, तं शंभर पेरशीन. एकही पिशवी उघडी नाही पायजे.”

मी शंभर पिशव्या भरल्या. ओबीचाच मुरूम, त्यात प्रत्येकी दोन ओंजळी मायची माती. खताचा कण नाही. मध्ये बाजारातून आणलेलं मोहाचं ताजं बी, कडेला ज्वारीचे दोन दाणे. नखांत आठवडाभर माती राहिली. पार्बताकाकू रोज येऊन पिशव्यांच्या ओळींवरून नजर फिरवत आणि न बोलता जात. पाचव्या दिवशी ज्वारी उगवली, पंधराव्या दिवशी मोह. त्या दिवशी जाताना त्या म्हणाल्या, “जेवली का?” मला एवढं बरं वाटलं की जेवले असूनही मी “नाही” म्हणाले.

*

सप्टेंबरात ती शंभर रोपं वर लावली. वीतभर उंचीची. ज्वारी खुडून मुळं तशीच मातीत ठेवली.

साहेबांना मात्र स्पर्धा सुचली. त्यांच्या खास रोपवाटिकेतले शंभर मोह होते, वर्षाचे, खतावर पोसलेले, कमरेला लागणारे. आमच्या शेजारीच, दीड हाताचं अंतर सोडून, त्यांनी त्यांच्या ओळी लावल्या. “माझी पैलवानं बघा,” ते येईल त्याला सांगत. “आणि ती पलीकडची म्याडमची बालवाडी.”

डिसेंबरात बालवाडी तेवढीच होती. खरं तर मीही धास्तावले होते. बुरशी आधी आपलं जेवण मागते, रोपाला स्वतःपुरतं कमी उरतं, म्हणून ते खुरटं दिसतं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी ती चार चार पानं मोजणं वेगळं. एकदा मी खताची पिशवी उघडली होती. लटारीभाऊंनी विचारलं, “यानं त्या बुरशीले राग तं नाही ना येत?” मी पिशवी बांधून ठेवली.

मार्चमध्ये पानं गळली. दोन्हीकडची. मोह पान टाकतोच, पण चैत्रात त्याला लाल पालवी फुटायला हवी. फुटली नाही. एप्रिल गेला. दोनशे काटक्या उभ्या. मे उजाडला तसा खाणीत धुळीचा त्रास वाढला आणि रस्त्यांवर पाणी मारायला आमचा टँकर काढून घेतला. मी साहेबांकडे जाऊन भांडले. “म्याडम, माणसांच्या छातीत धूळ जाते आहे,” ते म्हणाले.

पारा सेहेचाळीसवर गेला त्या दुपारी मी वर गेले, तर लटारीभाऊ समोरून पायी चढत येत होते. दोन्ही हातांत पाण्याचे डबे, डोक्याला ओला दुपट्टा, तोंड लालबुंद.

“वेड लागलंय का तुम्हाला? ऊन लागून पडाल! आणि दोन डब्यांनी शंभर झाडांचं काय होणार?”

ते माझ्या छत्रीच्या सावलीत खाली बसले. मग पायाशी बोट टेकवून म्हणाले, “इथंच हाये थो. याच्या बरोब्बर खाली.”

“कोण?”

“मोह. मायचा. बाकीचे झाडं पह्यले तोडले, लाकूड नेलं. थो तोडाले कोणी हात नाही लावला. तवाचा सायब म्हणे, राहू द्या उभा, कायले टाइम घालवता, टाका वरून.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. “तवा मी डंपरवर होतो म्याडम. नवी नोकरी. लाइनमंधी पह्यला नंबर माह्याच डंपरचा होता.”

मी छत्री त्यांच्याकडे सरकवली.

“पानं होते त्याले. नवे, लाल. मी हायड्रॉलिक उचललं अन् टाकलं. साठ टन. आरशात पायलं तं वरचा शेंडा हालून राह्यला होता. मंग दुसऱ्याचं डंपर आलं.” त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “त्याच दिवशी सकाळी मी बुडाशी जाऊन माती काढली होती. चार घमेले. काहून काढली, मले नाही मालूम. पार्बताले सांगतलं, मायची हाये, सांभाळ. डंपरचं तिले मालूम हाये. मी सांगतलं नाही, पण तिले मालूम हाये. त्या दिवशी मी जेवलो नाही, अन् तिनं इचारलं नाही.”

त्यानंतर आम्ही पाणी घातलं. एका झाडाला एक पेला. तेविसाव्या झाडाशी डबे संपले.

*

पाच जूनला मोजणी. पाऊस अजून आला नव्हता. साहेब कारकुनाला घेऊन आले; लटारीभाऊ आणि पार्बताकाकू आधीच येऊन बसले होते. कॉलनीतले पाच-सहा म्हातारेही चढून आले होते आणि एका बाजूला उभे होते.

साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं. या वेळी त्यांनी अगरबत्त्यांचा विनोद केला नाही. “काय मोजायचं म्याडम?” ते खरंच वाईट वाटून म्हणाले. “माझी पैलवानंही गेली. शून्य आणि शून्य लिहू का?”

“सायब,” लटारीभाऊ उठले. “मोह पान टाकते. जीव नाही टाकत.” ते आमच्या पहिल्या रोपापाशी गुडघ्यावर बसले आणि अंगठ्याच्या नखानं त्याची साल जराशी खरवडली.

आत हिरवं होतं. ओलं, कोवळं हिरवं.

“लिहा,” मी कारकुनाला म्हणाले.

मग आम्ही सगळेच गुडघ्यांवर आलो. दुसरं हिरवं. तिसरं सुकलेलं. चौथं, पाचवं हिरवं. म्हातारेही आता मोठ्यानं मोजू लागले. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मध्ये सलग सात गेलेली निघाली आणि सगळ्यांचे आवाज बंद झाले. लटारीभाऊ पुढच्या रोपापाशी थबकले तसं पार्बताकाकूंनी त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः नख लावलं. पन्नासावं सापडलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, टाळी वाजवली नाही. “पुढं चाला,” म्हणाल्या. शेवट झाला एकसष्टवर.

साहेब एव्हाना त्यांच्या ओळींत शिरले होते. बिचारे एकेक पैलवान खरवडत होते आणि प्रत्येक जण आतून तपकिरी निघत होता. अचानक त्यांची हाक आली, “म्याडम! अहो म्याडम, इकडे या! हे जिवंत आहे! हे माझं आहे!”

त्यांच्या अगदी कडेच्या ओळीत, आमच्या बाजूला, एका काटकीच्या टोकावर तांब्याच्या रंगाचं पान फुटलं होतं. करंगळीच्या नखाएवढं. सगळ्या ओबीवरचं पहिलं पान. साहेब छत्री फेकून त्याच्यासमोर उकिडवे बसले होते.

त्यांच्या शंभरातली नऊ जगली होती, आणि नऊच्या नऊ आमच्या शेजारच्या ओळीतली. मी एकाच्या बाजूची माती हातानं उकरली. खतावर वाढलेल्या त्या आळशी मुळातून एक नवं, पांढरं मूळ बाहेर पडलं होतं आणि सरळ आमच्या ओळीकडे गेलं होतं. खतं वर्षभरात संपली असणार, रोपाला भूक लागली असणार, आणि पलीकडून धागे आले असणार. रात्री रंग लावून पाहिलं, तेव्हा निळं दिसलंच. पण ते नसतं पाहिलं तरी मला खात्री होती.

“आमची बुरशी तुमच्याकडे गेली, साहेब,” मी म्हणाले. हसत होते की रडत होते, सांगता येत नाही. “दीड हात चालून गेली.”

“मायले का मालूम,” पार्बताकाकू म्हणाल्या, “कोणतं सायबाचं अन् कोणतं आपलं.”

लटारीभाऊ त्या पानाकडे बघत होते. मग मे महिन्यातल्या त्या दुपारी त्यांनी जिथे बोट टेकवलं होतं त्या जागी तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. त्यांना कोणी उठवलं नाही.

*

फाइल बंद झाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या आश्विनात माता मायचे तीन दगड टिनाखालून निघाले आणि वाजतगाजत ओबीवर आले. मोह तेव्हा गुडघ्याएवढे होते. सावली पडायची ती मायच्या एका खांद्यावर. लटारीभाऊंना टँकरमधून दगड न्या म्हटलं, तर ते नाही म्हणाले. त्यांनी ते डोक्यावरून नेले.

माझी बदली दुसऱ्या खाणीवर झाली तेव्हा पार्बताकाकूंनी तेलाच्या डब्यात मायची माती भरून दिली, वर ज्वारीचे कोंब. घरची अर्धी त्यांनी वर कधीच नेली नाही. “उद्या तिथंही कोयसा निंघाला तं?” म्हणाल्या. त्या डब्यातली माती वाढवत वाढवत मी आजवर चार ओब्यांवर नेली. दोन ठिकाणी जमलं, एका ठिकाणी फसलं, चौथ्याचं या जूनला कळेल. पुण्यात माझ्या गॅलरीत बाराही महिने काहीतरी उगवलेलं असतं. शेजारच्यांना वाटतं मी हुरडा लावते.

त्या मोजणीला चौदा वर्षं झाली. परवा सकाळी सातला फोन वाजला.

“मोह पडले,” पार्बताकाकू म्हणाल्या, नमस्कार नाही की काही नाही. “आपल्या ओबीवरचे. पह्यलेच फुलं. पह्यटेपासून हा एकटा वेचून राह्यला. दुपट्टा भरला तरी उठत नाही. म्या म्हटलं, चाल, जेवून घे, तं म्हणते, पोट भरलं.” फोनवर मागे वारा आणि पाखरं ऐकू येत होती. “चौदा आन् दहा, चोवीस वर्सांनी म्हणते मले, पोट भरलं.”

मी जवळच्या खुर्चीत बसले.

“आयकतं का?” त्यांचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. “माती उघडी तं नाही ना ठेवली?”

मी गॅलरीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी मी गहू काढला होता. डबा मोकळा होता, माती उन्हात पडली होती.

“नाही काकू,” मी म्हणाले, आणि फोन कानाशी तसाच धरून स्वयंपाकघरात ज्वारीची मूठ आणायला धावले.